मघाचं म्हणजे कुठलं?

सुनंदा भोईर यांच्यावर अन्याय झाला तो गणपतीच्या आदल्या शनिवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच, अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात.

बदलापुरात, हेंद्रेपाड्यात, त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्यासमोर "मघाचं ते द्या" म्हणायची सोय नाही. "मघाचं म्हणजे कुठलं? नाव नाही त्याला?" माझं पहिलं पत्रक वाचून म्हणाल्या, "काय रे पत्रकवाल्या, नुसतं 'प्रशासन, प्रशासन'! प्रशासन काय खुर्चीत बसतं? माणसाचं नाव लिही की!"

ही खोड लिस्प या संगणकाच्या भाषेमुळे लागलेली. कारखान्यातलं आम्लाचं पाणी नाल्यात सोडण्याआधी किती चुना घालायचा, ते गणित त्या लिस्पमध्ये करत. रविवारी मलाही शिकवत. लिस्पमध्ये मागचं उत्तर परत हवं असेल तर एक चांदणी, म्हणजे * ही खूण, टाइप करायची. त्याच्या आधीचं हवं तर दोन, त्याच्याही आधीचं तर तीन. नवीन गणित केलं की सगळी उत्तरं एकेक घर मागे सरकतात. तिसऱ्याच्या मागे गेलं ते गेलं. "चांदणीवर विसंबू नको. उत्तराला नाव दे, मग ते हलत नाही."

त्या शनिवारी भोईर मॅडमनी चुन्याचं गणित केलं आणि गेटवरून बोलावणं आलं म्हणून उठल्या. तेवढ्यात मॅनेजर त्यांच्या खुर्चीत बसला, तिथेच स्वतःचा एक गुणाकार केला आणि स्क्रीन साफ करून उठला. मॅडम परतल्या तर हा डोक्यावर उभा. "चलो मॅडम, जल्दी! टाकी भरलीय!" घाईत त्यांनी चुना सोडायच्या आज्ञेत चांदणी टाकली. चांदणीत आता साहेबाचा गुणाकार होता. चुना जेमतेम पडला, आंबट पाणी नाल्यात गेलं, मासे उलटे तरंगले.

चौकशीत मॅडम म्हणाल्या, "नाव दिलं नाही, ही माझी चूक. पण मध्ये गणित कोणी केलं?" मॅडमना काढलं.

मी चिडून पत्रक लिहायला बसलो तर वरून हाक आली, "माझी चूकही लिही रे! अर्धं लिहू नको."

लिहिली. आता मॅनेजरने त्याची कबूल करावी आणि मॅडमना कामावर परत घ्यावं. पण गावात आत्ताच "ती चुनावाली बाई, काय बरं तिचं…" सुरू झालंय. अजून दोन-तीन भानगडी झाल्या की तेवढंही उरणार नाही.

सोमवारी पहिली पाळी सुटताना कारखान्याच्या गेटवर या. 'त्या बाई' म्हणू नका. सुनंदा भोईर म्हणा, आणि मॅनेजरला ऐकू जाईल असं म्हणा.