लाकडाचा शेंबूड

पारगावच्या साखर कारखान्याच्या मळीचा वास आम्हाला नवा नव्हता. पण रस्त्याकडेच्या त्या शेडमधला वास त्याहून वाईट. तिथे एक साहेब लाकडाच्या लगद्यातून कसलासा अतिबारीक धागा काढायचे. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणायचे. आम्हाला दिसायचा तो चिकट गोळा.

उसाच्या फडापेक्षा सावलीतलं काम बरं, म्हणून मी जायची. लगद्याचे पांढरे पुठ्ठे फाडून आम्ही बाया पाण्यात भिजवायचो. साहेब त्यात औषध आणि ब्लीचिंगचं पाणी सोडायचे. ढवळताना घशात तिखट वाफ जायची. मग तो लगदा फडक्यात घेऊन धुवायचा, परत परत. शेवटी मशीनमध्ये घुसळला की त्याचा आरपार दिसणारा, लिबलिबीत गोळा व्हायचा. बोटांतून तारा लोंबायच्या.

"म्हस शिंकली बघ," बरोबरची बाई म्हणायची. बाकीच्या हसायच्या. मला ओकारी यायची.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तोंडात दात नाही. भाकरी दुधात कुस्करून मी त्यांना बोटांनी भरवायची. चमचा त्यांना चालत नसे, त्यानं दवाखाना आठवायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचंही चालत नसे. पण शेडवर जायला लागले तसा मला तो काला बघवेना. ओला लगदाच वाटायचा. एकदा त्यांच्या ओठातून घास लाळेसकट हनुवटीवर ओघळला आणि मी तोंड फिरवलं. त्यांनी ते पाहिलं.

"माझी किळस येती व्हय गं तुला?"

मला चारचौघांत बोलता येत नाही, आणि त्यांच्यापुढे तर नाहीच. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवशीही घास घेतला नाही. जावेनं विनवलं, माझ्या नवऱ्यानं विनवलं. त्या नुसती मान हलवायच्या. आवाज पार खोल गेला.

मग मी शेडवरून तो चिकट गोळा थोडा डब्यात घालून आणला. झाकण काढून उशाशी ठेवला.

"ह्याची किळस येती, आत्याबाई. तुमची न्हाई."

त्यांनी बोट घातलं. उचललं तशी तार लोंबली. बोट नाकाशी नेलं.

"शी! लाकडाला शेंबूड आला व्हय? आन् तू ह्यात हात घालती?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

"पुस माजं बोट आदी. मेला, सुटंना बी." जाऊ दारात पदर तोंडाला लावून हसत होती. तिच्यावरही त्या ओरडल्या, "हसती काय? दूध तापव! आन् तू राखंनं हात घास, मग ये. पोटात आग पडलीया."

राखेनं हात घासले. वास गेला नाही. सासूबाईंनी नाक मुरडत सगळा काला खाल्ला. मी तोंडानं श्वास घेत भरवत राहिले.

तो गोळा मी उकिरड्यावर फेकला होता. तिथल्या दगडावर वाळून त्याची काचेसारखी पातळ साल झाली. कोंबडीनं एकदा चोच मारली, मान झटकली आणि निघून गेली.