माळावरच्या दगडातलं अकरावं नाव

मैनुद्दीनला काम सांगायचं आणि वर घाईही करायची, हे दोन्ही एकदम जमत नाही. युसूफ वडगावातला हा पाथरवट. पाटे-वरवंटे आणि कबरीवरचे दगड घडवण्यात त्याची साठी उलटली, पण प्रश्न विचारायची खोड काही गेली नाही. मला ती खोडच आवडते.

आमच्या गावाच्या माळावर निजामाविरुद्ध लढणाऱ्या तुकडीची रझाकारांशी चकमक झाली होती. शेणाच्या पाट्यांत खाली भाकरी लपवून अकरा बाया त्या तुकडीला पोचवायच्या. यंदा गावानं त्यांच्या आठवणीचा दगड उभा करायचं ठरवलं. खर्च गावचे पुढारी अमरसिंह यांचा, कारण त्यांची आजी त्या अकरांतली. मी निवृत्त मास्तर, म्हणून यादी माझ्या गळ्यात. दहा नावं मिळाली. अकराव्या ओळीत मी लिहिलं, 'अमरसिंहांच्या आजी'.

"मास्तर, हे काय नाव हाय का?" मैनुद्दीननं छिन्नी खाली ठेवली. "कबरीवर मी मयताचं नाव कोरतो, नातवाचं न्हाई."

अमरसिंहांना विचारलं तर त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. घरात तिला कुणी आई म्हणे, कुणी काकू, आणि नवरा नुसतं 'अगं'. सातबाऱ्यावर आजोबा, मग वडील, मग हे स्वतः. ती कुठंच नाही.

"ऱ्हाऊ द्या की. आजीच लिवा. परवा उद्घाटन हाय," अमरसिंह म्हणाले.

मला त्यांचा रागच आला. पण खरं सांगतो, माझ्या पणजीचं नाव मला तरी कुठं ठाऊक होतं?

मैनुद्दीननं एवढंच विचारलं, "माहेर कुठलं त्यांचं?" माहेर घाटनांदूरचं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या मोटारसायकलवर निघालो. रस्त्यानं माझी कंबर पार खिळखिळी करून टाकली. तिथं आजीच्या भावाची मुलगी भेटली, छबुबाई, ऐंशीच्या घरातली. आम्ही विचारताच म्हातारी हसली.

"आत्तीचं नाव व्हय? सासरी तिला नावानं कुनी हाक मारीना. म्हणून हितं आली की वेशीतूनच वरडायची, 'मुक्ता आली गं!' आन् आमा लेकरांला म्हणायची, आत्ती म्हणू नका, मुक्ता म्हणा. लई वेळा म्हणा. परत जाईस्तोवर ऐकून घेऊ द्या."

परत आल्या आल्या मैनुद्दीननं छिन्नी उचलली.

उद्घाटनाच्या सकाळी, माणसं जमायच्या आधीच अमरसिंह माळावर आले. अकराव्या नावाच्या ताज्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"नावाफुडं बाई न्हाई लावलं?"

"तिला तेवढंच ऐकायचं होतं, साहेब," मैनुद्दीन म्हणाला आणि आम्ही छबुबाईनं सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं.

अमरसिंहांचे डोळे भरून आले. "कडेवर घेऊन गावभर हिंडवलं मला तिनं. आन् मी एकदाबी इचारलं न्हाई."

मग आमच्याकडं पाठ करून ते हळूच म्हणाले, "मुक्ता." जरा थांबले, आणि पुन्हा म्हणाले.