उलथण्याच्या चोचीचं पाखरू

मी कमरेपर्यंत चिखलात रुतले होते आणि माझा नवरा बांधावरून विचारत होता, "अगं, नव्या चपला कुठायत?"

"पायात!"

"चपला घालून खाडीत उतरलीस? कोळ्याची पोर ना तू?"

बोरिवलीच्या खाडीत अख्खा जन्म मी अनवाणी वावरले. (चौथीपर्यंत शाळेतही तशीच गेले.) पण ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराचा तो रविवार, सोबत पार्ल्याच्या कॉलेजातले सर. ते दुर्बीण घेऊन पाखरं बघायला यायचे. शिकलेल्या माणसासमोर बरं दिसावं म्हणून लेकीच्या लग्नातल्या पट्ट्याच्या चपला चढवल्या! चिखलाने चपला धरल्या आणि चपलांनी मला.

मुळात भांडण मागच्या रविवारचं. मी म्हटलं होतं, "सर, चिमणीएवढं नवं पाखरू आलंय. चोच टोकाला उलथण्यासारखी चपटी."

सर हसले. "मावशी, तो पक्षी इकडे येत नाही. त्याचा रस्ता बंगालच्या बाजूने."

"मग चुकला असेल! तुम्ही नाही का एकदा स्टेशनला निघालात आणि स्मशानात पोचलात?"

तेव्हापासून सगळा कोळीवाडा मला 'उलथणं' म्हणत होता. पाखरू दाखवलं नाही, तर जन्मभर उलथणंच राहणार होते. आणि आता भरती सुरू झालेली!

नवरा मला ओढायला आला, गुडघ्यापर्यंत रुतला. सर त्याला ओढायला आले, तोंडावर पडले. दोन्ही हात कोपरापर्यंत आत!

"होडीवाल्यांना हाक मारतो," नवरा म्हणाला.

"गप! हलू नका. आलंय."

आम्ही तिघं इतके गप्प, की त्याला खुंटच वाटलो असणार. दहा हातांवर ते चिमुकलं पाखरू झाडू मारल्यासारखी चोच डावी-उजवी फिरवत चिखल चाळत होतं.

"सर, दुर्बीण लावा!"

"हात रुतलेत, मावशी!"

"मग डोळे लावा!"

सर पुटपुटले, "तोच... मावशी, तोच आहे!"

"मोठ्याने बोला. ह्यांना ऐकू जाऊ दे!"

सरांनी ओरडून सांगितलं. पाखरू उडालं. ओरडा ऐकून होडी आली, पाणी तेव्हा माझ्या छातीला लागलं होतं. सरांनी वहीत लिहिलं, पहिल्यांदा पाहिलं ते मी. नाव माझं, पूर्ण, नवऱ्याच्या आधी. कोळीवाडा अजून उलथणंच म्हणतो, पण आता पुढे 'बाई' लावतो.

चपला खाडीतच आहेत. त्या चिखलातून जिवंत बाहेर आलो आम्ही तिघं: मी, नवरा आणि सर. परक्या मुलखातलं, रस्ता चुकलेलं ते पाखरू तेवढं रुतलंच नव्हतं.