प्रज्ञाच्या साडीचं पार्सल बपेऱ्याला कशाला गेलं?

मी पंचायत समितीत बावीस वर्षं लिपिक आहे. सही-शिक्का दिसल्याशिवाय मी कशावरही विश्वास ठेवत नाही. कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की उठून चहा ठेवायला जाते. त्यामुळे मी हे लिहितेय याचं घरच्यांना हसू येतंय... येऊ द्या.

आम्ही मोहाडीला राहतो. मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न रविवारी सकाळी अकराला होतं. आमच्या बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. प्रज्ञाची साडी पुण्याहून यायची होती. काठावरची पिंपळपानं तिने स्वतः काढून दिलेली, भरायला कारागिराला दोन महिने लागलेले. "आई, हीच साडी. नाही आली तर गाऊनवर बसते बुद्धवंदनेला," असं तिने बजावलं होतं, आणि ती बसलीही असती!

मंगळवारी मोबाइलवर पार्सल नागपूर, मग भंडारा असं शहाण्यासारखं सरकत होतं. बुधवारी 'आउट फॉर डिलिव्हरी'. ऑफिसात मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. संध्याकाळी मेसेज आला — 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला. घरी कोणी नाही.' घरात मांडववाल्यांसकट चौदा माणसं होती! नकाशा उघडला तर खूण बपेऱ्याला... पार मध्य प्रदेशच्या सीमेजवळ.

बपेऱ्यात आमचं ओळखीचं घर एकच — मोठ्या नणंदेचं, शांताताईंचं. इथे मला एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्याकडे जवळच्या नातेवाइकांना लग्नाची पत्रिका घरी जाऊन हातात द्यायची असते. ह्यांनी म्हटलंही होतं, "ताईकडे जाऊन ये." मी म्हटलं, वेळ कुणाला आहे? आणि सगळ्यांना व्हॉट्सॲपवर टाकून मोकळी झाले. तेव्हापासून ताई माझा फोन उचलत नव्हत्या. त्या संध्याकाळीही उचलला नाही.

कुरिअरच्या काउंटरवर गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आपली गाडी तुमसरच्या पुढं जातच नाही."

"मग हे काय आहे?"

त्यांनी माझा फोन उलटासुलटा करून बघितला. "मले तं काहीच समजून नाही राहिलं."

गुरुवारी रजा टाकली आणि स्कूटीने बपेरा गाठलं. डिकीत चार छापील पत्रिका टाकल्या होत्या, कारण ताईंच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

"पार्सल? इथं तं कुत्रंबी नाही आलं," ताई म्हणाल्या. मग मला वरून खाली न्याहाळलं. "अन् तू काहून आली? तुमच्या लग्नात फोनच जेवते ना?"

मी पत्रिका त्यांच्या हातात दिली, पाया पडले. "चुकलं, ताई."

"आता कसं!" ताईंचा चेहरा उजळला. "बस, भात टाकतो. न जेवता गेली तं याद राख."

मी जेवत असताना फोन वाजला. खूण पवनीला! म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. पवनीला आमचं कोण? ह्यांचे मामा. त्यांचीही पत्रिका... व्हॉट्सॲपवरच.

ताई पोट धरून हसल्या. "जाय आता त्याईच्याकडे. थो म्हातारा तं माह्यापेक्षा जास्त रुसून बसला आहे."

शुक्रवारी सकाळी पवनी. मामाजी अंगणातच बसले होते. "व्हॉट्सॲप काय असते, मले नाही माहीत, बाई. मी वाट पाहून राहिलो होतो का सुनंदा कधी येते." त्यांनी चष्मा लावून पत्रिका वाचली. निमंत्रकांत स्वतःचं नाव सापडल्यावर शेजारणीला हाक मारून दाखवलं. पार्सल अर्थातच तिथेही नव्हतं. मी निघताना नकाशा पाहिला — खूण मोहाडीला.

तडक काउंटर गाठलं. पार्सल समोरच ठेवलेलं!

"हे तं बुधवारी सकाळीच आलं, मॅडम," ते गृहस्थ ओशाळून म्हणाले. "ढिगाखाली दबलं होतं, आत्ता दिसलं. इथून हललंच नाही."

खरंच, त्याच्यावर आमचाच पत्ता होता. बपेऱ्याचं, पवनीचं नाव कुठेच नाही. घरी आणून खोका उघडला, आणि प्रज्ञाने साडी अंगाला लावून अंगणभर अशा गिरक्या घेतल्या की मांडववाले काम सोडून बघत बसले.

नंतर कंपनीला मेल केला. उत्तर आलं — पार्सल मोहाडीबाहेर गेल्याची नोंद नाही. प्रज्ञा म्हणते, सर्व्हरचा घोळ. असेल. पण सर्व्हरला नेमकी हीच दोन गावं कुठून सापडली, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर ऐकेन.

रविवारची गोष्ट तेवढी सांगते. पावणेअकराला बपेऱ्याची जीप आली — आत ताई आणि आणखी अकराजण. तिच्या मागोमाग पवनीची गाडी, पुढच्या सीटवर गुलाबी फेटा बांधून मामाजी. साडी नेसलेली प्रज्ञा धावत सुटली, दोघांनी तिला मध्ये घेतलं. मी पोचेपर्यंत पर्समधला फोन वाजला. शुक्रवारी ताब्यात मिळालेल्या पार्सलचा मेसेज आत्ता आला होता — 'डिलिव्हर्ड'.

मी तो दोनदा वाचला. मग आलेली माणसं मोजली आणि मोठ्या पातेल्यांपाशी उभ्या आचाऱ्याला ओरडून सांगितलं, "भाऊ, भाताचे आणखी दोन गंज चढवा!"