कडूबाईच्या हातची भाकर

आमच्या चर्चच्या मंडळीतली सगळ्यात देखणी बाई म्हणजे कडूबाई, असं मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगते. अकरा वर्षांपूर्वी हेच मला कुणी सांगितलं असतं, तर मी पदर तोंडाला लावून हसले असते. म्हणून ही हकिकत सांगताना आधी माझेच कान पिळायला हवेत.

परभणीकडच्या झरीच्या पुढे चार किलोमीटरवर आमचं गाव. ख्रिस्ती घरं पंचवीस आणि पत्र्याचं एक चर्च. मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण आणि मंडळीतल्या बायकांच्या सभेची सेक्रेटरी. कडूबाई लोकांच्या रानात कापूस वेचते, हळद खुरपते. तिच्याआधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. हिच्यावर तरी मरणाची नजर पडू नये, म्हणून आईनं नाव ठेवलं कडू. पोरगी जगली, पण देवगाव फाट्याकडच्या सासरी दोन वर्षं होतात न होतात तोच ओठांवर आणि हातांवर कोड उठलं. नवऱ्यानं एसटीत बसवून माहेरी धाडून दिली. पुढे ती चर्चला येऊ लागली. बाप्तिस्म्याच्या वेळी तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, सुचवलं, आता एखादं गोड नाव घे. तर म्हणाली, "देव मला ह्याच नावानं वळखतो. बदललं तर हाक मारायची पंचाईत व्हईल त्याची!"

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि ईस्टरला प्रभुभोजन असतं; येशूची आठवण म्हणून सगळे एकाच भाकरीचा तुकडा खातात. त्यासाठी गव्हाची, बिनमिठाची जाड भाकर मंडळीतली एकेक बाई आळीपाळीनं घरून करून आणते. हा फार मोठा मान. वर्षाची यादी मी लिहिते आणि चर्चच्या भिंतीला लावते. कडूबाई आली त्या वर्षी तिच्या नावापाशी माझा पेन थांबला. ते पांढरे डाग पडलेले हात पीठ मळताना डोळ्यांसमोर आले आणि मी नाव गाळलं. कोड शिवल्यानं लागत नाही, हे मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं! देव चेहरा नाही, मन बघतो, हेही दर रविवारी मान डोलवत ऐकायची. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पुढे दर जानेवारीत मी जुनीच यादी उतरवत गेले आणि स्वतःला सांगत गेले, की राहून गेलं.

यंदा ईस्टरच्या आधीच्या सभेत कडूबाई उठून उभी राहिली.

"बाई, अकरा वर्सं झाली. माझा नंबर कवा लागायचा? का देवाच्या घरी बी वशिला लागतो?"

मग चांगुणाबाई बोलल्या. त्या सभेच्या अध्यक्ष. "अगं, आमचं काई न्हाई. पर लोकं खातील का? ईस्टरला परभणीहून पाव्हणे यायलेत. देवाचं ताट कसं, बघत ऱ्हावं असं पायजे."

माझं डोकंच फिरलं. "चांगुणाबाई, तुमच्या मालकांचं, तात्यारावांचं खुब्याचं हाड मोडलं, तवा तीन महिने भाकर कुस्करून कुणी चारली? तवा हे हात दिसले न्हाईत व्हय?"

त्यांची मान खाली गेली. आणि त्याच क्षणी मला माझा पेन आठवला. शरमेनं कान तापले. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "नाव म्याच गाळलं, कडूबाई. मुद्दाम."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "यादी भिंतीवर लावता, अन् मला वाचायला तुमीच शिकिवलं."

एवढं बोलून बसली. ईस्टरची भाकर तिच्या नावावर लागली.

शनिवारी तिनं मला दिवसभर बसू दिलं नाही. चार वेळा आली! पीठ दोनदा चाळू का तीनदा? तवा नवा घेऊ का? कड जराशी करपली, दुसरी करू? तिच्या डोळ्यांत लग्नघरातल्या पोरीसारखी लगबग, आणि मला एकच घोर. तिनं केली आणि लोकांनी खाल्ली नाही तर? अकरा वर्षं नाव गाळण्यापेक्षा ते वाईट.

ईस्टरला चर्च खचाखच भरलं. जरीच्या साड्या, गजरे, इस्त्रीचे सदरे. कडूबाई धुतलेलं जुनं पातळ नेसून वेदीजवळ उभी. आताचे पाळक जीवन यांनी भाकर मोडली, मंडळीला पुढे बोलावलं. पहिली ओळ उठेना. जो तो शेजाऱ्याकडे बघतोय. कडूबाईचं हसू मावळायला लागलं. मी उठणार, तेवढ्यात काठी वाजली. तात्याराव!

"पाळकसाहेब, मला जरा मोठा तुकडा द्या," ते भर चर्चमध्ये गरजले. "ह्या हातच्या भाकरीवर मी उठून चालायलोय!"

आणि काय सांगू! बाकं करकरली, ओळीच्या ओळी उठल्या, परभणीचे पाहुणेसुद्धा. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माझ्या वाट्याला आलेला तुकडा मी रडत रडतच खाल्ला.

सगळ्यात शेवटी चांगुणाबाई आल्या. ताटात शेवटचे दोनच तुकडे होते. पाळकांनी एक उचलला, पण चांगुणाबाई कडूबाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्या हातानं दे," त्या म्हणाल्या.

पाळकांनी तो तुकडा कडूबाईच्या हातावर ठेवला. ती इतकी गोंधळली, की सवयीनं आजाऱ्याला भरवावा तसा तो कुस्करून तिनं थेट चांगुणाबाईंच्या तोंडाशी नेला. चांगुणाबाईंनी तोंड उघडलं.