तापल्यावर की दाबल्यावर

पहाटे पाचला मिस्त्रींचा दिवस सुरू झाला तोच वैतागाने. गजर त्यांना ऐकूच आला नाही. बायकोने खांदा गदगदा हलवला.

"अहो, घड्याळ बोंबलून बोंबलून दमलं."

"सेल उतरला असेल."

सेल मागच्याच आठवड्यात घातला होता. दोघांनाही ते माहीत होतं.

साडेपाचला ते शेडमध्ये होते. शेड घराला लागूनच, पत्र्याची. अर्ध्याहून जास्त जागा अडवून पोस्टमास्तरांची घरगाडी उभी होती. गाडी पंचवीस वर्षं जुनी. आत दोन बिछाने, शेगडी, बेसिन, खिडक्यांना पडदे. रिटायर झालेले पोस्टमास्तर आणि त्यांच्या बाई वर्षातले सहा महिने तिच्यातच राहायचे. अशा गाडीचं पॉवर स्टीअरिंग गेलं की वळण घेताना अख्खं घर खांद्याने ढकलल्यासारखं वाटतं.

आज तिसरा दिवस होता. "उद्या संध्याकाळपर्यंत नाही जमलं तर परवा क्रेन बोलावतो," पोस्टमास्तर आदल्या दिवशी म्हणाले होते. "मोठ्या वर्कशॉपला नेऊ. तुमची काही चूक नाही."

ते शेवटचं वाक्य मिस्त्रींना जास्त झोंबलं होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या शेडमधून एकही गाडी क्रेनला लटकून गेली नव्हती. लोक त्यांना कानवाले मिस्त्री म्हणायचे. गाडी फाटकातून आत येईपर्यंत ते कुठलं बेअरिंग बोंबलतंय ते सांगून मोकळे व्हायचे. अलीकडे मात्र ते गाडीवर हात ठेवून बघायचे. लोकांना वाटायचं, नवीन पद्धत काढली.

पहिल्या दिवशी, चालू इंजिनाशेजारी उभं राहून, बाईंनी तीन शब्दांत दुखणं सांगितलं होतं. "दाबल्यावर जड होतं." मिस्त्रींना तेवढं पुरलं. या गाडीत स्टीअरिंग आणि ब्रेक, दोघांना तेल पुरवणारा पंप एकच. ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग जड होत असेल तर ब्रेकला जोर देणारा बूस्टरच सगळं तेल गिळत असणार. त्यांनी उभ्या गाडीत ब्रेक दाबून चाक फिरवून पाहिलं. थोडंसं अडखळलं. तेवढं तर चांगल्या गाडीतही अडखळतं, पण माणसाने एकदा मनाशी ठरवलं की हाताला तेच लागतं.

बूस्टर काढणं सोपं नाही. चार नट, त्यातला चौथा डॅशबोर्डच्या आत, दोन बोटं जेमतेम पोचतील अशा बिळात. पाना घालायचा, अर्ध्याचा अर्धा आटा फिरवायचा, पाना काढायचा, पुन्हा घालायचा. पावणेदोन तास त्या एका नटाला लागले. मान आखडली, कोपर सोलवटलं. सगळे सील नवीन घातले, तेल बदललं, हवा काढली. शेडमध्ये चाक लोण्यासारखं फिरलं. काल दुपारी पोस्टमास्तर गाडी घेऊन गेले आणि अर्ध्या तासात घामाने निथळत परत आले. "होतं तसंच आहे."

म्हणून आज पुन्हा तोच बूस्टर. सील चुकीचं बसलं असणार. पुन्हा तोच चौथा नट. मिस्त्रींनी नटाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दहाच्या सुमाराला बायको चहा घेऊन आली. पाठोपाठ पोस्टमास्तरीणबाई आल्या.

"अजून तेच काढताय?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी डॅशबोर्डखालून डोकं काढलं. "काय?"

"म्हटलं, अजून तेच काढताय का!"

"तुम्हीच सांगितलंत ना, दाबल्यावर जड होतं. मग ब्रेकचंच काढणार. रेडिओ काढू का?"

"दाबल्यावर?" बाई चक्रावल्या. "मी कुठे असं म्हटलं?"

"पहिल्या दिवशी. इथेच."

बाई काहीतरी बोलल्या. मिस्त्रींना पुन्हा तेच ऐकू आलं. "हेच ते, दाबल्यावर!"

बायकोने चहाचा ट्रे बॉनेटवर आपटला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "अहो, तापल्यावर! ता! ता! इंजिन तापल्यावर जड होतं म्हणतायत त्या!"

मिस्त्रींच्या हातात पाना तसाच राहिला. दोन दिवस, सोलवटलेलं कोपर, चौथा नट दोनदा. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आणि आज पुन्हा द्यायला निघाले होते.

"इंजिनाचा आवाज होता," ते म्हणाले.

"आत्ता इंजिन बंद आहे," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी नट परत आवळले. गाडीची पुढची चाकं जॅकवर घेतली, इंजिन चालू केलं आणि बाईंना सीटवर बसवलं. वीस मिनिटं नुसतं तापू दिलं. दोन दिवसांत त्यांनी एकदाही हे केलं नव्हतं. प्रत्येक वेळी थंड गाडीवर हात चालवला होता.

"आता फिरवा."

चाक अर्ध्यावर गेलं आणि अडलं. बायकोने दोन्ही हात कानांवर घेतले. "केवढं किंचाळतंय ते! ऐकू येत नाही तुम्हाला?"

मिस्त्रींना फक्त इंजिनाची घरघर ऐकू येत होती. ते गाडीखाली सरकले. पंपाच्या अंगावर बोट टेकवलं तर तो थरथरत होता, भांड्याच्या तळाचं उरलंसुरलं पाणी ओढल्यासारखा. वर तेलाच्या टाकीत फेस. तेल आहे, पण पोटात उतरत नाही. मग त्यांनी टाकीपासून पंपापर्यंत येणारी रबरी नळी बॅटरीच्या उजेडात निरखली. बाई चाक फिरवायच्या तशी ती वळणापाशी चपटी व्हायची. सोडलं की पुन्हा गोल.

वीतभर नळी. इंजिन बंद करून, निवू देऊन, त्यांनी ती काढली आणि उभी चिरली. बाहेरून ठणठणीत, आतला पदर सुटून लोंबत होता. थंडपणी कडक, तापली की लिबलिबीत, आणि ओढ बसली की घसाच बंद.

नवीन नळी, दोन क्लिपा, ताजं तेल. इंजिन चालू न करता चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवून हवा काढली. एकूण काम पाऊण तासाचं. चार वाजता पोस्टमास्तर गाडी घेऊन गेले. मिस्त्री फाटकापाशी उभे. अर्धा तास झाला, तास झाला. ते हात पुन्हापुन्हा पुसत राहिले. सव्वापाचला गाडी कोपऱ्यावरून वळली. पोस्टमास्तर एका हाताने चाक फिरवत होते आणि दुसऱ्या हाताने शेंगा खात होते.

"क्रेनवाल्याला नको सांगतो," ते खाली उतरून म्हणाले.

मिस्त्रींनी मजुरी पाऊण तासाचीच सांगितली. पोस्टमास्तर ऐकेनात. "तीन दिवस तुम्ही राबलात."

"एकच राबलो. बाकी दोन दिवस बहिरेपणाचे."

शब्द तोंडातून निसटला तेव्हा त्यांचा त्यांनाच राग आला. बायकोने मात्र तो शब्द नीट ऐकला. पोस्टमास्तरांनी पुढे केलेली पूर्ण मजुरी तिने सरळ हात पुढे करून घेतली आणि पदराला बांधली. "कशासाठी ते मला माहीत आहे," म्हणाली.

त्या मजुरीत महिनाभराची इतर कामं मिळवून मिस्त्रींच्या उजव्या कानाला मशीन आलं. पहिल्या दिवशी ते भलतेच चिडले. पत्रे करकरतात, नळ ठिबकतो, चप्पल फटफटते, आणि बायको भाजी चिरताना गेली काही वर्षं काय पुटपुटत होती तेही सगळं कळायला लागलं.