बसलेल्याला उठवत न्हाईत

चंद्रप्पांच्या बोलण्याला शेपूट आहे. शेवटचा शब्द ते दोनदा म्हणतात. "साखर संपली, संपली." "उद्या या, या." कुत्र्याला हाड हाड म्हणतात तेवढं सोडा, ते तर सगळेच दोनदा म्हणतात.

त्यांची बायको नीलाबाई किराणा दुकानाच्या काउंटरबाहेर, ओट्यावर डाळ निवडत बसायच्या आणि ते शेपूट कापायच्या. "एकदा कळलं की वो! बहिरी हाय का मी?" दिवसभर काउंटरवरून दोघांचं चालू. गिऱ्हाइकाला मिठाच्या पुड्याबरोबर ते फुकट.

मग गुलाब आलं. लांब समुद्रात उठलेलं चक्रीवादळ. आमच्या अहमदपूरकडं पोचेस्तोवर त्यातला वारा संपला होता, उरलं होतं नुसतं पाणी. वर धरणाचे दरवाजे उघडले. गाव देवळाच्या टेकाडावर पळालं. या दोघांनी मात्र दुकानदाराला सुचेल तेच केलं. साखर-गुळाची पोती माळ्यावर चढवत बसले. मागची मातीची भिंत कोसळली ती नीलाबाईंवर. चंद्रप्पांना लोकांनी दोर टाकून ओढून काढलं.

पाणी उतरल्यावर नदीकाठच्या त्यांच्या शेतात नीलाबाईंना समाधी दिली. लिंगायतांत माणसाला निजवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. शेजारची जागा चंद्रप्पांनी स्वतःसाठी राखली आणि तिथं बेलाचं रोप लावलं.

"वादळाला नाव फुलाचं ठेवलं, ठेवलं," ते म्हणायचे. शेपूट कापायला कुणी नव्हतं.

त्या पुरापायी गावाला पूरबांध मंजूर झाला. गेल्या उन्हाळ्यात आखणीची चुन्याची रेघ पडली, ती समाधीच्या अलीकडून. समाधी राहिली नदीच्या बाजूला. बांधाबाहेर यापुढं नवा खड्डा घ्यायचा नाही, असंही ठरलं. म्हणजे शेजारची जागा गेली.

शेतातच सगळे जमले. सरपंच आनंदराव खाकरल्याशिवाय बोलत नाहीत. "खँऽऽ... साहेब, रेघ जरा वाकवा की. आप्पांची बायको हाय तिथं."

बांधाचे इंजिनिअर साहेब पुण्याकडचे. "बघा, काय आहे की, बांध नदीकडं सरकवला तर पात्र आवळलं जाईल. पाणी खालच्या गल्लीत शिरेल. मग बांध कशासाठी?"

"मंग समाधी हलवा," मागून कुणीतरी म्हणालं.

मठातल्या मल्लिनाथ स्वामींनी मान वरही केली नाही. "बसलेल्याला उठवत न्हाईत."

खालच्या गल्लीतल्या विठाबाई पदर खोचून पुढं आल्या, भांडायलाच आल्यासारख्या. "वाकवा वो साहेब! आमचं आमी बघताव. माझ्या लेकीच्या बाळंतपणात नीलाक्का उशाला बसून होती!"

सगळे चंद्रप्पांकडं बघायला लागले.

"इठाबाई, तुमचं घर पुन्हा बुडालं तर ती मला काय म्हणंल? तिचं तोंड तुमाला ठाऊक हाय. सरळ घ्या साहेब, सरळ."

मग ते रेघ ओलांडून गावाच्या बाजूला आले आणि चपलेच्या टाचेनं मातीत खूण केली. "मला हितं बसवा. आतल्या अंगाला, तोंड तिच्याकडं. मधी बांध आसला तर काय झालं? जल्मभर मधी काउंटरच हुता, हुता."

लोक हसले. साहेबही हसले आणि मग बारीक आवाजात म्हणाले, "बघा, काय आहे की... पायथ्याशी खड्डा घेतला तर बांध झिरपतो. तिथंही चालणार नाही."

चंद्रप्पांनी टाचेनंच खूण पुसली. "बरं," म्हणाले. एकदाच.

यंदा भादव्यात पुन्हा दरवाजे उघडले. बांध टिकला. विठाबाईंच्या चुलीपर्यंत थेंब आला नाही. पोरं बांधावर उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती. चंद्रप्पा छत्री धरून तिथंच बसले होते, मांडी घालून, नदीकडं तोंड करून. समाधी बुडाली. बेलाचा शेंडा थोडा वेळ हलताना दिसला, मग तोही दिसेना.

"आप्पा, घरी चला वो," विठाबाई म्हणाल्या.

"तुमी जा, जा."

मग पाण्याकडं बघत, दुकानातल्या आवाजात म्हणाले, "तूरडाळ आलीय आज. निवडायची राहिली, राहिली."

आणि थांबले. पलीकडून कुणी ओरडलं नाही.